विश्लेषण : फोनवर निऑन, घरी तपकिरी! मत्स्यालयातील प्रवाळाचा रंग दिव्यामुळे कसा बदलतो?

समाजमाध्यमांवरील छायाचित्रात हिरव्या-केशरी रंगात झगमगणारे झोअँथिड प्रवाळ हौसेने विकत घ्यावे, घरच्या टाकीत ठेवावे आणि ते चक्क मातकट तपकिरी दिसावे, हा अनुभव खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवणाऱ्या अनेकांना येतो. मग विक्रेत्याने फसवल्याची शंका येते, नाही तर आपला दिवा कमी पडत असल्याची. दुसऱ्या शंकेपोटी दिव्याचा जोर वाढवला जातो आणि कित्येकदा त्यातच प्रवाळाचा जीव जातो. हा रंग नेमका कुठे असतो? दिव्यात, प्राण्यात की फोनच्या कॅमेऱ्यात? निळ्या दिव्याने रंग तयार होतो की फक्त दिसतो? आणि रंग उजळला म्हणजे प्राणी निरोगी, असे समजावे का?

झोअँथिड म्हणजे काय?

झोअँथिड हे समुद्रफुले (सी अ‍ॅनिमोन) आणि दगडी प्रवाळ यांचे जवळचे नातेवाईक. दगडी प्रवाळाप्रमाणे ते चुन्याचा सांगाडा मात्र तयार करत नाहीत. शर्टाच्या बटणासारखी गोल चकती, तिच्या कडेने बारीक स्पर्शिकांच्या दोन ओळी आणि खाली आखूड मांसल देठ, असा एकेक पॉलिप असतो. असे अनेक पॉलिप तळाशी एकमेकांना जोडलेले असतात आणि खडकावर गालिचासारखे पसरतात. म्हणूनच बाजारात त्यांना ‘बटन पॉलिप’ असेही म्हणतात. झोअँथस आणि पॅलिथोआ या दोन प्रजाती मत्स्यालयात सर्वाधिक आढळतात. हे प्राणी केवळ परदेशी नाहीत. मुंबईत हाजी अलीसारख्या खडकाळ किनाऱ्यावर, तसेच कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी खडकांना चिकटलेली त्यांची वस्ती दिसते.

हौशी मंडळींमध्ये ‘रास्ता’, ‘फ्रूट लूप्स’, ‘ईगल आय’ अशी नावे प्रचलित आहेत. ही नावे जातींची नसून रंगसंगतीची आहेत. रंगावरून जात ओळखणे किती फसवे आहे, हे जपानमधील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिले. झोअँथसच्या वेगवेगळ्या चार जाती मानल्या गेलेल्या प्राण्यांच्या जनुकीय तपासणीत ती एकच जात असल्याचे पुरावे त्यांना मिळाले. म्हणजे एकाच जातीत अनेक रंग असू शकतात. बाजारातील किंमत मात्र जातीवर नाही, तर याच रंगावर ठरते. त्यामुळे रंग कशाने दिसतो आणि कशाने टिकतो, हा प्रश्न थेट खिशाशीही जोडलेला आहे.

हा रंग येतो कुठून?

झोअँथिडच्या अंगात रंगाचे दोन स्वतंत्र थर असतात आणि दिव्याचा परिणाम समजून घ्यायचा तर ते वेगळे ओळखावे लागतात.

पहिला थर पाहुण्यांचा. प्रवाळाच्या पेशींमध्ये झूझँथेली या नावाने ओळखले जाणारे एकपेशीय शैवाल राहते. प्रकाशसंश्लेषण करून तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा ते प्रवाळाला देते आणि त्या बदल्यात निवारा व पोषकद्रव्ये मिळवते. या शैवालात हरितद्रव्याबरोबर पेरिडिनिन नावाचे रंगद्रव्य असते. दोहोंच्या मिश्रणातून जो रंग दिसतो तो तपकिरी. म्हणजे तपकिरी हा प्रवाळाचा दोष नव्हे, ती त्याच्या स्वयंपाकघराची खूण आहे.

दुसरा थर प्राण्याचा स्वतःचा. हिरवा, पिवळा, केशरी, लाल असे झळझळीत रंग प्रवाळ स्वतः तयार करत असलेल्या प्रथिनांमुळे येतात. या प्रथिनांच्या कुटुंबाचा शोध जेलीफिशपासून सुरू झाला. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशमधून हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे हेच प्रथिन पेशींमधील घडामोडी पाहण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाऊ लागले आणि २००८ मध्ये शिमोमुरा, मार्टिन चाल्फी व रॉजर त्सिएन यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दरम्यान १९९९ मध्ये मॉस्कोतील संशोधकांनी प्रवाळवर्गीय प्राण्यांतही अशी प्रथिने असल्याचे दाखवले. त्यातील दोन झोअँथसमधील होती. त्यांच्या नावांतच रंग नोंदवलेला आहे. एकाच्या नावात ५०६ हा आकडा आहे, दुसऱ्याच्या नावात ५३८. ही त्यांनी बाहेर टाकलेल्या प्रकाशाची नॅनोमीटरमधील तरंगलांबी आहे. ५०६ म्हणजे हिरवा आणि ५३८ म्हणजे पिवळसर.

याच कुटुंबात न चमकणारी प्रथिनेही आहेत. ती प्रकाशाचा काही भाग शोषतात आणि उरलेला परावर्तित करतात. अनेक दगडी प्रवाळांतील जांभळा, निळा किंवा गुलाबी रंग त्यांचा असतो.

निळ्या दिव्याखाली प्रवाळ का चमकते?

बँकेत नोटा तपासण्यासाठी जांभळसर दिवा असतो. त्याखाली धरताच नोटेवरील क्रमांक चमकू लागतो, हे अनेकांनी पाहिले असेल. नोटेत दिवा नसतो. शाईने डोळ्याला न दिसणारा प्रकाश शोषलेला असतो आणि तो दिसणाऱ्या रंगात परत टाकलेला असतो. याला फ्लुरोसन्स म्हणतात. प्रवाळातील प्रथिने नेमके हेच करतात. कमी तरंगलांबीचा, म्हणजे जास्त ऊर्जेचा निळा प्रकाश ती शोषतात, त्यातील थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात गमावतात आणि उरलेली जास्त तरंगलांबीच्या हिरव्या, पिवळ्या किंवा लाल प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतात. दिवा बंद केला की चमकही तत्काळ थांबते. काजव्यासारखा स्वतःचा प्रकाश झोअँथिडमध्ये नसतो.

मत्स्यालयातील एलईडी दिव्यांत ‘रॉयल ब्लू’ म्हणून जो रंग असतो त्याची तरंगलांबी साधारण ४५० नॅनोमीटर असते. हिरव्या प्रथिनांना जागवायला तो पुरतो. पण प्रत्येक प्रथिनाची भूक वेगळी. झोअँथसमधील ५०६ क्रमांकाचे हिरवे प्रथिन ४९६ नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर-हिरवा प्रकाश सर्वाधिक शोषते, तर ५३८ क्रमांकाचे पिवळे प्रथिन ५२८च्या आसपासचा हिरवा प्रकाश. त्यामुळे केवळ एकाच निळ्या रंगाच्या दिव्याखाली हिरवे झोअँथिड भडक आणि त्याच दगडावरचे पिवळे मात्र फिके दिसू शकते. आकाशी किंवा थोडा पांढरा प्रकाश मिसळताच पिवळ्यात जीव येतो. दोन घरांत ‘निळाच’ दिवा असूनही एकच प्रवाळ वेगळे दिसते, त्यामागे बहुतेकदा हे कारण असते.

मग पांढऱ्या प्रकाशात रंग जातो कुठे?

कुठेही जात नाही, तो झाकला जातो. पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात. शैवालाचा तपकिरी थर त्यातील पिवळा-लाल भाग परावर्तित करतो आणि या परावर्तित प्रकाशापुढे फ्लुरोसन्सची मंद चमक दिसेनाशी होते, दिवसा मेणबत्ती दिसत नाही तशी. याउलट फक्त निळा दिवा असेल तर परावर्तित व्हायला पिवळा-लाल प्रकाशच उरत नाही. तपकिरी भाग काळपट होतो, आजूबाजूचा दगड अंधारात जातो आणि त्या पार्श्वभूमीवर हिरवी-केशरी चकती झगमगते. प्राणी तोच, प्रथिने तितकीच, बदलला तो देखावा.

साडी घेताना जुनीजाणती माणसे ती दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडात पाहतात. आतल्या दिव्याखालचा रंग आणि उन्हातला रंग यांत फरक पडतो हे त्यांना माहीत असते. प्रवाळाच्या बाबतीत हा फरक कित्येक पटींनी मोठा असतो.

त्यात फोनचा कॅमेरा आपली भर घालतो. तीव्र निळ्या प्रकाशात कॅमेरा गोंधळतो आणि सगळे चित्र निळेशार होते. ते टाळण्यासाठी लेन्ससमोर पिवळे किंवा केशरी फिल्टर लावले जाते. हे फिल्टर दिव्याचा निळा प्रकाश अडवते आणि प्रवाळाने बाहेर टाकलेला हिरवा, पिवळा, केशरी प्रकाश तेवढा आत सोडते. छायाचित्र खोटे नसते, पण त्यात फ्लुरोसन्सखेरीज फारसे काही उरलेले नसते. उघड्या डोळ्यांनी तेच प्रवाळ तसे कधीच दिसणार नाही. त्यानंतर फोनवर रंग गडद केले असतील, तर अंतर आणखी वाढते.

दिव्यामुळे रंग खरोखर बदलतो का?

बदलतो, पण सावकाश. इथे काळ हीच कसोटी आहे. दिव्याचा रंग बदलताच त्या क्षणी जो फरक दिसतो तो देखाव्याचा. काही आठवड्यांनी, त्याच दिव्याखाली, त्याच वेळी पाहिले असता जो फरक दिसतो तो प्राण्यातला.

हा दुसरा बदल दोन्ही थरांत होतो. प्रकाश कमी पडला की पेशींमधील शैवालाची संख्या किंवा त्यातील रंगद्रव्ये वाढतात. उपलब्ध उजेडातून अधिकाधिक मिळवण्याची ती धडपड असते. परिणामी प्रवाळ गडद तपकिरी होते. प्रकाश पुरेसा मिळाला की हा थर विरळ होतो आणि खालचे रंग वर येतात. दुसरीकडे, प्राण्याची स्वतःची प्रथिने किती तयार व्हावीत यावरही प्रकाशाचे नियंत्रण असते. अनेक दगडी प्रवाळांमध्ये निळ्या प्रकाशाने ही रंगद्रव्ये वाढतात, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. निळा प्रकाश केवळ रंग दाखवत नाही, तर काही प्रवाळांना तो तयार करण्याचा इशाराही देतो.

मात्र याला मर्यादा आहे. कोणते प्रथिन बनवता येईल हे त्या प्रवाळाच्या जनुकांत ठरलेले असते. केशरी प्रथिनाची क्षमताच नसलेले झोअँथिड कितीही महागड्या दिव्याखाली ठेवले तरी केशरी होणार नाही. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

शिवाय दिवा एकटा काम करत नाही. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेटचे प्रमाण बरेच वाढले तर शैवालाला खत मिळते आणि प्रवाळ तपकिरी होते. हीच द्रव्ये जवळजवळ संपली तर शैवालाची उपासमार होऊन प्रवाळ फिके पडते. पाण्याची तपासणी न करता रंगाचा सगळा दोष दिव्यावर टाकणे त्यामुळे चुकीचे ठरते.

प्राण्याला हा रंग कशासाठी हवा असतो?

याचे एकच उत्तर नाही. ग्रेट बॅरियर रीफवरील प्रवाळांच्या अभ्यासातून २००० मध्ये संशोधकांनी असे मांडले, की उथळ, लख्ख उजेडाच्या पाण्यात ही प्रथिने छत्रीसारखे काम करतात. घातक ठरू शकणारा जादा प्रकाश शोषून किंवा विखरून त्या शैवालाला वाचवतात. खोल पाण्यात परिस्थिती उलटी असते. पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच गिळून टाकते आणि खाली मुख्यतः निळा उरतो. तिथे काही प्रवाळांतील प्रथिने निळ्या प्रकाशाचे केशरी-लाल प्रकाशात रूपांतर करतात आणि तो ऊतीत अधिक आतपर्यंत पोहोचून शैवालाच्या उपयोगी पडतो, असे २०१७ मधील संशोधन सांगते. तर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायली संशोधकांच्या अभ्यासानुसार खोल पाण्यातील ही चमक लहान जलचरांना भक्ष्य म्हणून जवळ ओढण्यासाठीही उपयोगी पडत असावी.

हे अभ्यास प्रामुख्याने दगडी प्रवाळांवरचे आहेत. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. रंग ही प्रवाळाची शोभा नसून प्रकाशाशी जुळवून घेण्याची साधने आहेत. आपण दिवा बदलतो तेव्हा या साधनांची गरज बदलते आणि रंग त्यामागोमाग बदलतो.

दिवा वाढवला की रंग वाढतो, हे खरे का?

सर्वाधिक नुकसान याच समजुतीने होते. माणसाचा डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो आणि गडद निळ्याला फारच कमी. त्यामुळे निळा दिवा पुरेपूर जोरात असला तरी खोलीत तो मंद वाटतो. शैवालाचे मात्र उलट. हरितद्रव्य आणि पेरिडिनिन निळा प्रकाश भरभरून शोषतात. म्हणजे जो दिवा डोळ्याला मंद, तोच प्रवाळाला प्रखर असू शकतो.

फोनवरील लक्स मोजणारी अ‍ॅप इथे मदत करण्याऐवजी दिशाभूल करतात. लक्स हे एककच माणसाच्या डोळ्याला किती उजेड जाणवतो यावर बेतलेले आहे. निळ्या दिव्याखाली ते कमी आकडा दाखवते आणि मालक दिवा आणखी वाढवतो. प्रवाळासाठी उपयुक्त मोजमाप आहे ‘पार’. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारे किती प्रकाशकण दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडतात, ते यात मायक्रोमोलमध्ये मोजतात. उष्ण कटिबंधात भर दुपारच्या स्वच्छ उन्हात हा आकडा सुमारे २००० पर्यंत जातो. मत्स्यालयातील झोअँथिडसाठी अनुभवी हौशी साधारण ५० ते १५० ही पातळी पुरेशी मानतात.

मग हाजी अलीच्या खडकावरचे झोअँथिड दुपारच्या उन्हात कसे तगतात? तिथे उजेड, भरती-ओहोटी आणि गढूळ पाणी यांच्याशी त्यांनी दीर्घकाळात जुळवून घेतलेले असते. दुकानाच्या किंवा प्रवासाच्या मंद उजेडातून आलेल्या प्रवाळाने तसे जुळवून घेतलेले नसते. त्याच्या पेशींत शैवाल दाट असते आणि अचानक मिळालेला प्रखर प्रकाश त्या शैवालाला पचत नाही. जादा ऊर्जेतून ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात, पेशींना इजा होते आणि शेवटी शैवाल नष्ट होते किंवा प्रवाळाबाहेर टाकले जाते. यालाच ब्लीचिंग म्हणतात. झोअँथिडचे मुख्य अन्न शैवालाकडून येत असल्याने ही उपासमारीची सुरुवात असते.

रंग उजळला म्हणजे प्रवाळ निरोगी का?

नेहमीच नाही. साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये ‘रंगीत ब्लीचिंग’चे स्पष्टीकरण दिले. सागरी उष्णतेच्या ताणाने काही प्रवाळ पांढरे न पडता उलट निऑनसारखे गुलाबी, जांभळे, पिवळे होतात. शैवाल कमी झाले की ऊतीत प्रकाश शोषणारे कोणी उरत नाही. पांढऱ्या सांगाड्यावरून परतणारा प्रकाश, विशेषतः निळा, आत वाढतो आणि प्रवाळ संरक्षणासाठी रंगद्रव्ये भराभर बनवू लागते. २०१० ते २०१९ या काळातील अशा १५ घटनांचा त्यांनी आढावा घेतला. ताण सौम्य असेल तर ही रंगीत छत्री शैवालाला परत येण्यास मदत करते, असे त्यांचे म्हणणे.

झोअँथिडला पांढरा सांगाडा नसल्याने हे स्पष्टीकरण त्याला जसेच्या तसे लावता येणार नाही. पण तपकिरी थर निघून गेला की खालचे रंग अधिक उघडे पडतात, हे त्यालाही लागू आहे. म्हणून नव्या तीव्र दिव्याखाली आठवडाभरात रंग ‘खुलले’ तर आनंद मानण्यापूर्वी पॉलिपकडे नीट पाहावे. चकती पूर्ण उघडते का, स्पर्शिका पसरलेल्या आहेत का, नवे पॉलिप फुटताहेत का? तसे असेल तर रंग खरोखर खुलला आहे. पॉलिप दिवसभर मिटलेले, लहान होत चाललेले किंवा पारदर्शक फिके दिसत असतील तर तो रंग धोक्याचा आहे. याउलट पॉलिप देठ ताणून दिव्याकडे उंच होत असतील तर उजेड कमी पडत असल्याची ती खूण असते.

घरच्या टाकीत दिवा कसा लावावा?

नवे प्रवाळ आणल्यावर ते टाकीच्या तळाशी किंवा दिव्याच्या झोतापासून बाजूला ठेवावे. दिव्याचा जोर नेहमीपेक्षा कमी करून तीन-चार आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावा. प्रत्येक वाढीनंतर काही दिवस थांबावे. दिवा रोज साधारण आठ ते दहा तास आणि टायमर लावून ठरलेल्या वेळीच चालू राहावा. कधी सहा तास, कधी चौदा तास असे नको. जागा, जोर आणि पाणी यांतील एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे परिणाम कशाचा हे कळते.

रंगाच्या मिश्रणात निळ्याचा वाटा मोठा ठेवण्यात गैर काही नाही. समुद्रात काही मीटर खाली उजेड तसाच असतो आणि शैवालालाही तो चालतो. दिवसाचा काही काळ पांढरा प्रकाश मात्र मिसळावा. त्यामुळे न चमकणारे रंग दिसतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फिकेपणा, बुरशीसारखे डाग किंवा किडे वेळीच नजरेस पडतात. केवळ निळ्या दिव्याखाली आजारी प्रवाळही देखणे दिसते. लाल प्रकाशाचा अतिरेक टाळावा. स्टायलोफोरा या दगडी प्रवाळावरील २०१४ च्या प्रयोगात जास्त लाल प्रकाशाने त्याच्या आरोग्यावर विपरीत परिणाम झाल्याचे आढळले होते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती उन्हाळा. पाणी तापलेले असताना प्रवाळाची प्रकाश सोसण्याची ताकद घटते. आदल्या महिन्यात मानवलेला दिवा एप्रिल-मेमध्ये जाच ठरू शकतो. पाणी गार ठेवण्याची सोय नसेल तर त्या काळात दिव्याचा जोर तरी उतरवावा.

विकत घेताना काय पाहावे?

विक्रेत्याकडे पांढऱ्या दिव्याखालचे, फिल्टर न लावता काढलेले छायाचित्र किंवा व्हिडीओ मागावा. निळ्या आणि पांढऱ्या अशा दोन्ही उजेडात तेच प्रवाळ पाहिले की देखावा किती आणि मूळ रंग किती, हे समजते. दुकानात असाल तर दिवा बदलून दाखवायला सांगावे. विक्रेत्याकडे प्रवाळ कोणत्या दिव्याखाली, किती जोरात आणि किती आठवडे होते, हेही विचारून ठेवावे. आदल्याच दिवशी आलेल्या प्रवाळापेक्षा महिनाभर टाकीत स्थिरावलेले केव्हाही चांगले. घरी आल्यावर रंग उतरलेला दिसला तर पहिला उपाय दिवा वाढवणे हा नव्हे, तर चार आठवडे वाट पाहणे हा आहे. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच दिव्याखाली, त्याच अंतरावरून एक छायाचित्र काढून ठेवले, तर फोनचा कॅमेरा इथे खरोखर उपयोगी पडतो.

हाताळताना धोका कोणता?

काही झोअँथिडमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. १९७१ मध्ये हवाईतील पॅलिथोआपासून ते वेगळे केल्याचे प्रसिद्ध झाले. कोणत्या पॉलिपमध्ये ते आहे हे रंगावरून ओळखता येत नाही. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशरमध्ये मत्स्यालयातील प्रवाळ साफ करताना ते घरात पसरले आणि कुटुंबीयांसह मदतीला आलेल्या अग्निशमन कर्मचाऱ्यांनाही रुग्णालयात न्यावे लागले. त्यामुळे दिव्याखाली जागा बदलताना किंवा दगड हलवताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, हाताला जखम असेल तर पाण्यात हात घालू नये. झोअँथिड लागलेला दगड उकळणे, त्यावर गरम पाणी ओतणे किंवा टाकीबाहेर घासणे कटाक्षाने टाळावे, कारण वाफेतून आणि तुषारांतून विष श्वासात जाऊ शकते. हाताळल्यानंतर ताप, श्वास लागणे, तोंडाला विचित्र चव येणे असे काही जाणवले तर डॉक्टरांकडे जावे आणि प्रवाळाचा उल्लेख आवर्जून करावा.

किनाऱ्यावरून आणले तर?

आणू नये. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये सर्वोच्च श्रेणीचे संरक्षण आहे आणि खडकावर झोअँथिडच्या शेजारी काय चिकटले आहे हे सामान्य माणसाला ओळखता येतेच असे नाही. शिवाय खडकावरून खरवडताना पॉलिप फाटतात आणि विषाचा धोका तिथेही असतो. पाहायला जाण्यास मात्र हरकत नाही. ओहोटीच्या वेळा पाहून, खडकांवरील जिवांवर पाय न देता गेल्यास पाण्याच्या डबक्यांत हे गालिचे दिसतात. बहुतेक हिरवट, तपकिरी आणि छायाचित्रांच्या मानाने अगदी साधे. सूर्यप्रकाशात, भरल्या पोटी असलेले झोअँथिड बहुतेकदा असेच दिसते. घरच्या टाकीतील प्रवाळाला तपकिरी छटा आली म्हणून घाबरण्यापूर्वी हे दृश्य आठवलेले बरे.